ट्रॅक्टरचा खांदा

श्रावण सरत आला की आमच्याकडच्या हवेला एक वास येतो. डवरलेल्या पऱ्हाटीचा म्हणजे कपाशीचा, निंदून काढलेल्या आणि शेताच्या धुऱ्यावर कुजत पडलेल्या तणाचा, गोठ्यात ओल्या राहिलेल्या कुटाराच्या भुशाचा. लहानपणी हा वास मला आवडायचा, कारण त्याच्यामागून पोळा यायचा. आता तो नाकात शिरला की हात आपोआप काहीतरी जड शोधायला लागतो. खोटं कशाला सांगू, यंदा पुरण शिजवतानाही माझं लक्ष कोपऱ्यातल्या मुसळाकडे होतं.

परवा हिंगणघाटला गेले होते. बाजाराच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या सामानाची दुकानं नटून बसलेली. पोळ्याच्या तोंडावर ती अशीच नटतात. लाल-पिवळे गोंडे, आरशांच्या झालरी, काळी छतं, रंगीत दिव्यांच्या पट्ट्या, आणि दारातच उभे करून ठेवलेले लोखंडी बंपर. मला वाटलं होतं वर्षभरात त्या भाल्यांच्या बंपरची फॅशन गेली असेल. कुठची जाते! गेल्या वर्षी चार भाले होते, आता पाच आले आहेत. दुकानातला माणूस मोठ्या अगत्यानं म्हणाला, काय दाखवू ताई. मी काही नको म्हटलं आणि जाता जाता त्या बंपरला अशी लाथ हाणली की माझाच अंगठा सुजला. अजून दुखतो आहे, आणि त्याचं मला बरंच वाटतं.

आमचं गाव अल्लीपूरच्या अलीकडे. तेव्हा घरात मी, आमचे हे, धाकटा दीर प्रमोद आणि मामाजी. मामाजी म्हणजे माझे सासरे. गावात सगळे त्यांना दौलतराव म्हणतात, नुसतं दौलत म्हणणारा एकच माणूस, बळीरामकाका. दोघं एका वयाचे. एकाच नाल्यात पोहायला शिकलेले, बैलांच्या बाजाराला एकाच बैलबंडीनं गेलेले. बळीरामकाकांचं वावर आमच्या वावराला लागून आहे आणि मध्ये धुरा. ज्याला वावर नाही त्याला धुऱ्याचं सांगून उपयोग नाही. हातभर रुंदीची गवताची पट्टी, तिच्यावर बोरीची झुडपं, कुठं एखादा दगड. तिच्यापायी सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडतात.

आमच्याकडे बैल होते तोवर धुरा जागच्या जागी होता. मामाजी सांगायचे की बैलाला धुरा कळतो, तो आपण होऊन वळतो. मग एक बैल म्हातारा झाला, दुसऱ्याचा खूर गेला, प्रमोदनं घर डोक्यावर घेतलं आणि जोडी जाऊन ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरला धुरा कळत नाही. मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात नांगरताना प्रमोदनं धुऱ्याचा एक लचका तोडला. मुद्दाम तोडला की नजरचुकीनं ते त्यालाच ठाऊक. बळीरामकाका कुऱ्हाड घेऊनच आले. माणसाला नाही मारली, पण ट्रॅक्टरच्या दिव्यावर अशी घातली की काचेचा चुरा बॉनेटवर उडाला. प्रमोदनं ढेकूळ उचलून मारलं, ते काकांच्या भुवईवर बसलं. मी जेवणाची शिदोरी घेऊन पोचले तेव्हा काकांचा अर्धा चेहरा रक्तानं भरला होता, आणि मामाजी दोघांच्या मध्ये हात पसरून उभे होते. त्यांच्या अंगातल्या बंडीवर त्यांच्या मित्राचं रक्त आणि पाठीवर त्यांच्या मुलाचं ढेकूळ.

त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. विहिरीवर मी आले की काकांची कारभारीण बादली अर्धी भरून निघून जायची. मीही काही कमी नाही. तिच्या वाटेवर मी मुद्दाम घमेलं आपटायचे. मला राग आला की तो पायापासून चढतो आणि बोटांच्या टोकांपर्यंत येतो, मग भांडी फुटतात. आई म्हणायची ही पोरगी सासरी नांदायची नाही. नांदले, पण कप फार लागले.

तर दिवा फुटला म्हणून श्रावणात दुकानात जाणं झालं. एवढंच काम होतं, दिवा बसवायचा. पण सजावटीच्या दुकानात शिरलेला माणूस दिवा घेऊन बाहेर पडत नाही. पोळा जवळ आलेला, त्यातून गावात पहिल्यांदाच आमचा ट्रॅक्टर बैलांच्या जागी तोरणात उभा राहणार होता. प्रमोद त्या दुकानात असा हिंडत होता जशी एखादी बाई लग्नाचा बस्ता काढायला बसते. छत घेतलं. छताला झालर घेतली. स्टेअरिंगला वेलबुट्टीचं कव्हर, सीटला लाल मखमल, मडगार्डला वाघाच्या डोळ्यांचे स्टिकर. उभा सायलेन्सर आणखी उंच करून घेतला, कारण त्याचा आवाज छातीत बसतो म्हणे. हॉर्न तर एकेक वाजवून बघितला. जो निवडला त्याचा आवाज म्हैस बुडत असावी तसा होता. आमचे हे आधी नको नको म्हणत होते, मग हळूहळू त्यांचेही डोळे चमकायला लागले. शेवटी तेच म्हणाले, पुढचं वजन पण टाकून घेऊ, तोंड जरा भारदस्त दिसते.

मी एकच गोष्ट मागितली. ट्रॅक्टरच्या ब्रेक-क्लचच्या पायडलांवरची रबरं झिजून गुळगुळीत झाली होती. आतलं लोखंड दिसत होतं. दुकानात मोडीच्या डब्याजवळ नवी रबरं दोरीला ओवून टांगली होती. मी ती काढून समोर ठेवली. प्रमोदनं ती उचलून परत टांगली.

"वहिनी, ब्रेकचं रबर कोनाले दिसते वो?"

"पायाले दिसते," मी म्हटलं.

सगळे हसले, दुकानदारही हसला, आणि रबरं दोरीवरच राहिली. मी फणकाऱ्यानं बाहेर येऊन उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभी राहिले. तिथून मला दिसत होतं की प्रमोद बंपर निवडतो आहे. चार भाल्यांचा. त्यानं एका भाल्याच्या टोकावर तळहात टेकवून बघितला आणि जोरात म्हणाला, याच्यावर घेतो आता बळीरामले. पुन्हा सगळे हसले. ते वाक्य त्यानं गावात येऊन पानठेल्यावर म्हटलं, पारावर म्हटलं, मोबाईलवर ट्रॅक्टरचा फोटो टाकून त्याच्याखालीही तसंच काहीतरी लिहिलं. म्हणता म्हणता ते बळीरामकाकांच्या चुलीपर्यंत गेलं.

मी नंतर पुष्कळदा विचार केला, की माणूस सजावट म्हणून जे निवडतो त्यात त्याचं मन किती उघडं पडतं. पोळ्याला बैल सजवतात तेव्हा शिंगं घासून रंगवतात, बेगड लावतात आणि टोकांवर पितळेच्या शेंब्या बसवतात. शेंब्या शोभेच्या असतातच, पण टोक बोथट करायलाही असतात. वाजंत्रीनं बैल बुजला, गर्दीत मान झटकली, तर कोणाच्या पोटात शिंग जाऊ नये. एवढं शहाणपण ज्या गावात शेंब्यांपुरतं का होईना पिढ्यान् पिढ्या टिकलं होतं, त्या गावात आम्ही बिनटोकाच्या गाडीला हौसेनं टोकं लावून आणली. वर त्यांना लिंबू-मिरची टोचली. मला आजही त्या लिंबाची चीड येते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. बैलाच्या खांद्यावर वर्षभर जू बसून कातडी निबर होते, सोलते. त्या खांद्याला गरम पाण्यानं शेकायचं, मग पळसाच्या पानानं तूप-हळद चोळायची आणि त्याच्या कानाशी बोलायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. मामाजींनी जन्मभर हे केलेलं. लहान मुलाला न्हाऊ घालावं तसं बैलाशी बोलत बोलत करायचे, आणि त्या संध्याकाळी त्यांचा चेहरा वेगळाच दिसायचा. मागच्या वर्षी त्या संध्याकाळी ते अंगणात वाटी घेऊन बसले होते. वाटीत तूप-हळद, मांडीवर पळसाचं पान, आणि समोर बैल नाही. समोर तो झालरीचा ट्रॅक्टर, आणि त्याच्याखाली पाठीवर झोपून आमचे हे दिव्यांच्या पट्ट्यांची वायर ओढत होते. मी ओट्यावर डाळ निवडत बसले होते.

मामाजींनी विचारलं, "बापू, याचा खांदा कोठी असते?"

ह्यांचे फक्त पाय दिसत होते. खालूनच ते हसत म्हणाले, ज्याच्यावर भार येते तो खांदा, बाबा. कापसाची ट्रॉली भरून उतारानं आलो का सारा भार पायातल्या ब्रेकवर. अन् क्लचवर. मामाजींनी मान हलवली. मी डाळ घेऊन आत गेले, ह्यांनी वायर जोडली, दिवे लागले, प्रमोदनं शिट्टी वाजवली. मामाजी त्यांच्या पद्धतीनं, सगळे जेवायला बसल्यावर, एकटे ट्रॅक्टरवर चढले असणार. थट्टा आणि खरं यांच्यात त्यांनी कधी फरक केला नाही. पोटच्या मुलानं सांगितलं खांदा इथे आहे, मग तो तिथेच. त्यांनी दोन्ही पायडलं पळसाच्या पानानं चांगली चोळली. आधी शेकलीही असतील. आवतणही दिलं असेल.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना मारुतीच्या देवळापुढे तोरण बांधलं होतं. आंब्याच्या पानांचा लांब दोर, त्याच्याखाली ओळीनं जोड्या. आमच्या गावात तोरणात कोणी कुठं उभं राहायचं याचा नियम आहे. जशी वावरं तशी जोडी. वावराचा शेजारी तोच तोरणातला शेजारी. म्हणून बळीरामकाकांच्या हिऱ्या आणि चांद्याच्या बाजूला आमची जागा. कज्जा असो, भाऊबंदकी असो, ह्या नियमाला कोणी हात लावलेला नाही. हिऱ्या डाव्या अंगाला, आमच्या बाजूला. पांढराशुभ्र, पाठीवर झूल, कपाळावर बाशिंग, शिंगांना शेंब्या. मला तो लहान वासरू असल्यापासून ओळखायचा. धुऱ्यावर मी भाकरीचा तुकडा टाकला की मान लांब करून घ्यायचा, भांडणाच्या उन्हाळ्यातही घेत होता. भांडण त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आम्ही उशिरा पोचलो, कारण प्रमोदला मिरवत यायचं होतं. तोरणात चपला घालून जात नाहीत. देवळाच्या कोपऱ्यावर ह्यांनी टायरच्या तळाच्या चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि अनवाणी पायांनी ट्रॅक्टर पुढे घेतला, प्रमोद शेजारी मडगार्डवर. मग सगळं एका श्वासात झालं. ह्यांनी आमच्या जागेकडे वळवायला घेतलं, थांबवायला ब्रेक-क्लच दाबले, आणि दोन्ही पाय दोन्हीकडून निसटले. ट्रॅक्टरनं उडी घेतली. पुढे टाकलेलं ते सगळं भारदस्त वजन आणि चार भाले घेऊन तो हिऱ्याच्या बरगड्यांत गेला.

हिऱ्या हंबरला नाही. त्याच्या तोंडून हवा निघाली फक्त. झूल फाटून भाल्यात गुंतली, पुढचे पाय दुमडले, आणि तो बसायला गेला तर भाला त्याला बसू देईना. प्रमोदचा हात घाबरून हॉर्नवर पडला तो निघेच ना. त्या आवाजानं बाकीच्या सगळ्या जोड्या उधळल्या, हिऱ्याशी जोडून बांधलेला चांद्या तेवढा जागेवर अडकला. माणसं दोरांसकट फरफटत गेली, तोरणाचा एक खांब पडला, आंब्याची पानं रक्तात पडली. पोळ्याच्या दिवशी. ज्या दिवशी त्याला काठीचा शब्दही ऐकवायचा नाही त्या दिवशी.

पहिली काठी ह्यांच्या डोक्यावर कोणाची पडली ते मला दिसलं नाही. मुद्दाम मारला, बोलतच होते हे, असं कोणीतरी ओरडलं. भाला होताच समोर, वाक्य गावभर झालेलं होतंच, आणखी पुरावा कशाला लागतो? प्रमोद केव्हा उडी टाकून पळाला कळलं नाही. ह्यांना त्यांनी मखमलीच्या सीटवरून केस धरून खाली ओढलं. लाथा, काठ्या, बैलाचे दोर, ज्याच्या हातात जे होतं ते. मी त्या गर्दीत घुसले. एकाच्या मनगटाचा असा चावा घेतला की माझ्या तोंडात त्याचं रक्त आलं. ट्रॅक्टरच्या पेटीतला पान्हा हाती लागला, तो मी दिसेल त्या नडगीवर घातला. माझ्या कपाळावर काहीतरी बसलं आणि एक डोळा भरून आला. मला तेव्हा एवढंच कळत होतं की हे मला विधवा करताहेत आणि मी एकेकाला घेऊन मरणार.

तेवढ्यात कोणीतरी ह्यांचे पाय धरून त्यांना मोकळ्या जागेत ओढायला लागलं, आणि त्यांचे तळवे वर झाले. पिवळे. दोन्ही तळवे हळदीनं पिवळे. मला त्याचा अर्थ लागला नाही. मामाजींना लागला. म्हातारा माणूस काठ्यांच्या मधून चालत आला आणि ह्यांच्या अंगावर आडवा झाला.

"त्याले मारू नका," ते म्हणाले. "खांद म्या मळली."

बळीरामकाका हिऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ते तिथूनच म्हणाले, "कशाची खांद?"

"ट्रॅक्टरची."

गर्दीत कोणीतरी हसलं. एकच हसणं, भसकन आलेलं. काठ्या मारणाऱ्यांना मी आता माफ करू शकते, त्या हसणाऱ्याला नाही. मामाजी उठले, ट्रॅक्टरवर चढले, पायडलावरून बोट फिरवलं आणि ते बोट नेऊन बळीरामकाकांच्या नाकाशी धरलं. तूप. काकांना तो वास ओळखायला वेळ लागला नाही, त्यांच्याही हाताला आदल्या संध्याकाळचा तोच वास होता. ते मामाजींकडे बघत राहिले. हिऱ्या तोवर गेला होता.

माझ्या सासरी जुनी माणसं सांगायची की ज्याच्या हातून बैल मरेल त्यानं त्याचं दावं आपल्या गळ्यात घालायचं. मी ते ऐकलं होतं, पाहिलं कधी नव्हतं. मामाजींनी हिऱ्याच्या गळ्यातला गोंड्याचा दोर सोडला. गाठ सुटेना, पण कोणाला मदत करू दिली नाही. तो दोर त्यांनी आपल्या गळ्यात घातला, बंडी काढली, आणि मोडलेल्या तोरणाखाली चांद्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभे राहिले. हिऱ्याच्या जागी. मान खाली, हात लोंबते. चांद्या थरथरत होता, त्यानं मामाजींना हुंगलं आणि तो त्यांच्याकडे सरकला.

ते बघून बळीरामकाकांचं काय झालं ते मी सांगू शकत नाही. ते उठले, पडलेली तुतारी उचलली, बैल हाकायची टोकदार काठी ती, आणि मामाजींच्या खांद्यावर घातली. मग परत घातली. मग घालतच राहिले. ओरडत नव्हते, शिव्या देत नव्हते, फक्त घालत होते. खांदा फुटला, रक्त पाठीवरून धोतरापर्यंत आलं. मी धावले तर लोकांनी मला धरून ठेवलं. मामाजी हलले नाहीत. बैल जसा उभा राहतो तसे उभे राहिले. काठी मोडली तेव्हा काका थांबले, आणि हातातल्या तुकड्याकडे पाहून त्यांचा चेहरा असा झाला, जणू ती काठी दुसऱ्याच कोणाची होती. त्या तोरणात कोणाचाच पोळा फुटला नाही. माणसं आपापले बैल शोधत घरी गेली.

नंतरचं वर्ष मला सलग आठवत नाही. वर्ध्याचा दवाखाना आठवतो, ह्यांच्या फासळ्या आणि कानातून येणारं पाणी. पोलीस आले, पंचनामा झाला, कोणी कोणाविरुद्ध बोललं नाही. प्रमोद नागपूरला एका गोदामात कामाला लागला तो आलाच नाही. बंपर मी स्वतः खोलायला लावला आणि घण घेऊन त्याच्यावर बसले. भाले वाकले नाहीत. माझे हात सोलले. तो आता घरामागे गंजत पडला आहे. छत, झालर, हॉर्न सगळं ह्यांनी उतरवलं आणि पायडलांना नवी रबरं बसवली. ती बसवताना ते ओक्साबोक्शी रडत होते आणि मी त्यांना गप्प केलं नाही.

ह्यांनी बैलांच्या बाजारातून एक पांढरा बैल आणून काकांच्या दाराशी बांधला होता. काकांनी तो परत पाठवला. निरोप एवढाच, हिऱ्या आना, मंग बोलू. चांद्याच्या जोडीला त्यांनी दुसरा बैल घेतलाच नाही. तो एकटाच धुऱ्यावर चरायचा. मामाजींचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना, टोपी घालायलाही मी लागायचे. हिऱ्याचं दावं त्यांच्या खाटेच्या वरच्या खुंटीला टांगलेलं. ते काही बोलायचे नाहीत. मीच बोलायचे, भांड्यांशी. आणि रात्रंदिवस मला एकच भीती, की येत्या पोळ्याला बळीरामकाकांच्या घरचे उरलेलं पुरं करायला येतील. ह्यांनाही तीच होती. श्रावण लागल्यापासून दाराआड एक लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, उभी होती आणि ती कशाला आहे हे आम्ही दोघांनी एकमेकांना विचारलं नाही.

काल खांदमळणी. आमच्या अंगणात वाटी नव्हती, पान नव्हतं. मामाजी ओट्यावर बसले होते. बाहेर बैल धुवून परतणाऱ्यांच्या घुंगरांचे आवाज. फाटक वाजलं आणि बळीरामकाका आत आले. एकटे. ह्यांनी सब्बल उचलली. मी पाट्याचा वरवंटा उचलला, खरं तेच सांगते. काकांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या एका हातात वाटी होती आणि दुसऱ्या हातात पळसाचं पान.

"बंडी काढ, दौलत," ते म्हणाले.

मामाजींना काढता येईना. हात वर जात नव्हता. काकांनीच काढली, ओढूनच जवळजवळ. खांद्यावर ते वण होते, जांभळे, एकावर एक पडलेले. काकांनी पान तूप-हळदीत बुडवलं आणि वणांवर चोळायला लागले. हळू नाही. दात खाऊन, सगळा जोर लावून चोळत होते. कातडी लाल झाली, मामाजींच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते हलले नाहीत. पान फाटलं तेव्हा काकांनी तळहातानं चोळलं. पोळ्याच्या दिवशी तुतारी लागली याले, पोळ्याच्या दिवशी, असं काहीतरी ते पुटपुटत होते, आणि मला कळेना की ते हिऱ्याबद्दल बोलताहेत, मामाजींबद्दल की स्वतःबद्दल. वाटी संपली. ते मामाजींच्या कानाशी वाकले.

"चांद्या एकटाच हाये. आज आवतण घे, उद्या जेवाले ये."

फाटक तसंच उघडं टाकून ते गेले. ह्यांनी सब्बल जमिनीत मारली. बापाले बैल केलं माह्या, घरी येऊन बैल केलं, म्हणून ते ओरडत होते, आणि मीही त्यांच्याबरोबर पेटले. मामाजींनी आम्हाला गप्प केलं. म्हणाले, बैलच तं झालो होतो मी, वर्षभर कोनी जेवाले बोलावलं नाई. मग तशाच उघड्या अंगानं खाटेवर पडून राहिले. सकाळी मी आंघोळीचं पाणी काढलं तर खांद्यावर पाणी घेतलं नाही.

आज तोरणाला आमच्याकडून कोणी गेलं नाही. दुपार कलल्यावर लांबून हर हर महादेव ऐकू आलं, ताशे वाजले, तोरण तुटलं असणार. जोड्या घरोघर फिरायला लागल्या. पोळ्याला आमच्याकडे आधी बैल जेवतो, त्याच्या तोंडाला पुरणाची पोळी लागल्याशिवाय घरातलं लेकरूही घास घेत नाही. मामाजी दारात उभे होते, जायचं की नाही ते त्यांना ठरवता येत नव्हतं. काकांचं घर समोरच, रस्ता ओलांडायचा एवढंच काम, पण पाय निघत नव्हता. ह्यांनी त्यांना खाटेवर बसवलं. मी ताट वाढायला घेतलं.

काकांची कारभारीण अंगणात आली. वर्षाच्या वर झालं, ती ह्या अंगणात आली नव्हती. डोक्यावरचा पदर घामानं ओला, धावत आली असावी. माझ्या हातातल्या ताटाकडे तिनं पाहिलं आणि ते माझ्या हातातून काढून खाली ठेवलं.

"पाठव त्याईले," ती म्हणाली. "नातवाईपासून सारे उपाशी बसले हायेत. चांद्यानंही तोंड लावलं नाई."

मी बंडी पुढे केली. मामाजींनी ती खुंटीवर राहू दिली, शेजारचं दावं काढून हातात घेतलं, आणि पिवळ्या खांद्यानं तसेच उघडे तिच्या मागून रस्ता ओलांडून गेले.